कॉइल तीनदा बदलली तरी गाडी मिसिंगच करते: आधी प्लगच्या खड्ड्यात बघा

गाडी चढाला गचके देते, पिकअप तुटतो, चेक इंजिनची लाइट लागते, गॅरेजवाला कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, बदलतो आणि गाडी मऊ लोण्यासारखी चालायला लागते, मग सहा-आठ महिन्यांनी परत तेच. तुमच्याकडे हेच चाललं असेल तर पुढची कॉइल विकत घ्यायच्या आधी हे पूर्ण वाचा, कारण मी तीन कॉइलचे पैसे घालवल्यावर मूळ दुखणं सापडलं आणि ते कॉइलमध्ये नव्हतंच.

आमची गाडी बारा वर्षांची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, सीएनजी बसवलेली. राहतो कराडला, आई चिपळूणला, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला. पहिल्यांदा गचके आले ते जुलैत, आईला इकडे घेऊन येताना, पोफळी सोडून चढ सुरू झाला आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी धक्के खायला लागली की मागून कोणी ठोकतंय असं वाटावं. पाऊस धो धो, मागे ट्रकची रांग, आई मागच्या सीटवर घाबरून गप्प. कसंबसं वर आलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबर सिलिंडर मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. कॉइल बदलली, प्लग काढून पॉलिश पेपरने घासून तेच परत बसवले, गाडी ठीक. आठ महिन्यांनी परत दोन नंबर. मग पुढच्या पावसाळ्यात परत दोन नंबर. तिसऱ्या वेळी मला सांगितलं की पावसाचं पाणी जातंय त्याला काय करणार, आणि मी ते मान्य पण केलं कारण दोनदा तरी बिघाड पावसातच झालेला. पण मार्चमध्ये कुठला पाऊस? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून एका रविवारी स्वतःच उघडायला बसलो.

उघडल्यावर पाच मिनिटांत दिसलं. दोन नंबरची कॉइल वर ओढली तर खालचा रबरी बूट तेलाने माखलेला, फुगलेला, आणि बोटाने दाबला तर च्युइंगमसारखा मऊ. टॉर्च मारून खड्ड्यात बघितलं तर प्लगच्या भोवती इंजिन ऑइल साचलेलं, प्लगचं षटकोनी डोकं बुडेल एवढं. बाकी तीन खड्डे कोरडे. आणि चारही प्लग बाहेर काढून गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती टोकाची फट, मोजली तर १.५ मिमीच्या आसपास, जिथे माझ्या गाडीच्या पुस्तकात १.१ मिमी लिहिलंय. साधे निकेलचे प्लग, ५२ हजार किलोमीटर चाललेले, तेही बहुतेक सीएनजीवर. तीन वेळा कॉइल बदलली गेली आणि तिन्ही वेळा नवी कॉइल त्याच तेलात आणि त्याच झिजलेल्या प्लगवर बसवली गेली. ती मरणारच होती.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे २० ते ४० हजार व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी उडवते, ३००० आरपीएमला एकेका प्लगवर सेकंदाला २५ वेळा. आता ठिणगीला जितकी मोठी फट ओलांडायची तितके जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे प्लग झिजून गॅप वाढली की कॉइलला प्रत्येक ठिणगीला जास्त जोर लावावा लागतो. त्यात चढाला तुम्ही ऍक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी मारायला अजून जास्त व्होल्ट लागतात. म्हणून सपाट रस्त्यावर गाडी छान आणि घाटात गचके, हे लक्षण दिसलं की डोळे झाकून इग्निशनकडे आधी बघावं असं माझं मत झालंय. मग करंट काय करतो, प्लगच्या टोकाला उडी मारणं जड जातंय तर सोपी वाट शोधतो, रबरी बूट फोडून सरळ इंजिनच्या धातूत जातो. तेल स्वतः करंट नेत नाही बरं का, पण साधं रबर तेलात राहिलं की फुगतं, मऊ होतं, त्याला बारीक भेगा जातात, आणि त्यातून गळती सुरू होते. एकदा का गळतीची वाट पडली की तिथे काळपट-पांढरट रेघ तयार होते आणि मग दरवेळी करंट तिथूनच पळतो. पावसाळ्यात ओलावा असतो म्हणून ही गळती आधी जाणवते, एवढाच पावसाचा संबंध होता. माझ्या बाबतीत तरी.

खरंच पाणी जाण्याच्या केसही असतात हे पण सांगतो, माझ्या मेहुण्याच्या गाडीत तेच निघालं. वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं, एका खड्ड्यात पाणी साचून राहिलं, प्लगच्या डोक्याला लाल गंज आणि कॉइलच्या स्प्रिंगला हिरवट थर. शिवाय काचेखालच्या जाळीत झाडाचा पाला अडकला की तिथलं पाणी निचरा न होता काही गाड्यांत थेट इंजिनवर पडतं, ते पण तपासा. गंज दिसला तर पाणी, चिकट दिसलं तर तेल, इतकं सरळ आहे.

आता निदान कसं करायचं. एक ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर घेऊन ठेवा, ईएलएम ३२७ नावाने मिळतो तो साधा पण चालतो, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत त्याचं सॉकेट असतं आणि मोबाइलवर ऍप टाकलं की कोड दिसतात. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या त्या नंबरच्या सिलिंडरला मिसफायर, पी ०३०० म्हणजे एकाच ठिकाणी नाही, इकडे तिकडे. पी ०३५१ पासून पुढचे कोड थेट कॉइलच्या सर्किटबद्दल, तिथे वायरिंग आणि कपलर, म्हणजे वायरचा प्लास्टिकचा जोड, पण बघायला लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एक नंबर सहसा बेल्ट-पुलीच्या बाजूला असतो, तिथून मोजायचं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, चेक इंजिनची लाइट नुसती लागलेली असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकत असेल तर मिसफायर इतका जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या पाइपमधल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आणि तो आतून वितळू शकतो. त्याची किंमत चार कॉइलपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा ऍक्सिलरेटर सोडा, हळू चालवत जवळच्या सुरक्षित जागी थांबा, घाट तसाच रेटू नका. मी पहिल्या वेळी रेटला होता, कारण मला हे माहीतच नव्हतं.

कोड मिळाला की लगेच दुकानात पळायचं नाही. समजा दोन नंबर आलाय, तर दोन आणि तीनच्या कॉइल एकमेकांच्या जागी बसवा, कोड पुसा, आणि ज्या परिस्थितीत गचके येतात तसंच चालवून बघा. मिसफायर तीन नंबरला गेला, म्हणजे पी ०३०३ आला, तर कॉइल खराब. दोनलाच राहिला तर आता प्लगची अदलाबदल करा. तरी दोनलाच राहिला तर दोष कॉइल-प्लगमध्ये नाही, मग इंजेक्टर, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मॅनिफोल्डला कुठे हवा खेचतेय का, आणि कॉम्प्रेशन, या वाटेने जावं लागेल आणि तिथे चांगला मिस्त्री गाठावा. या अदलाबदलीला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. मल्टिमीटरने कॉइल तपासून ओके आहे म्हणणाऱ्यांवर मी आता विश्वास ठेवत नाही, कारण तीन-चार पिनच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, तिथे साधा ओहम मोजून काही कळत नाही, आणि बऱ्याच कॉइल थंड असताना ठणठणीत दाखवतात आणि गरम झाल्या की फेल जातात. इंजिन चालू ठेवून एकेक कॉइल उपसून बघायची जुनी पद्धत पण सोडून द्या, करंट कुठेही उडी मारतो, तुम्हाला बसू शकतो, ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

उघडायचं ते इंजिन पूर्ण थंड असताना, मी रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी करतो. हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनचा वरचा भाग, ऍल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर हेडचे आटे सोबत येऊ शकतात, आणि ते नुकसान फार महाग. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली बरी. कॉइलचा कपलर काढताना लॉक पूर्ण दाबूनच ओढा, बारा वर्षांच्या उष्णतेने ते प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. माझं एक लॉक तुटलंच, तिथे आता टाय लावलाय. कॉइलला बहुतेक एकच बोल्ट असतो, १० नंबरच्या पान्याचा. बोल्ट निघाला की कॉइल आधी डावी-उजवी थोडी फिरवून सोडवायची आणि मग सरळ वर ओढायची, तिरकी ओढली तर बूट फाटून अर्धा आतच राहतो.

आता प्लगला लगेच हात लावू नका. आधी खड्ड्यात हवा मारा, पंक्चरवाल्याकडचा छोटा पंप पण चालतो, डोळ्यांवर चष्मा ठेवा कारण माती सरळ तोंडावर येते. ही माती प्लग काढल्यावर सिलिंडरमध्ये पडली तर आत ओरखडे. आणि माझ्यासारखं तेल साचलं असेल तर ते आधी बाहेर काढायलाच हवं, मी सिरिंजला पातळ नळी लावून ओढलं आणि उरलेलं लांब काठीला चिंधी गुंडाळून टिपून घेतलं.

प्लगचा पाना १६ नंबर किंवा नव्या इंजिनांना १४ नंबर लागतो, आत रबर असलेलाच घ्या, म्हणजे प्लग धरून वर येतो आणि चिनी मातीला तडा जात नाही. प्लग काढताना जिथला तिथे क्रमाने ठेवा, खोक्यावर नंबर टाकून. कारण प्लग सगळं बोलतो. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर आतलं जळण ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. ओलं तेलकट टोक म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. पांढरं भाजलेलं टोक म्हणजे तो जास्त तापतोय. पांढऱ्या चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर करंट बाहेरून पळतोय, तो प्लग आणि त्याचा बूट दोन्ही गेले. पण धातूच्या अगदी वर, चिनी मातीला तपकिरी डागाचं वळं दिसलं तर घाबरू नका, तो गळतीचा डाग नसतो, हाय व्होल्टेजमुळे हवेतला मळ तिथे चिकटतो. मला आधी वाटलेलं कॉम्प्रेशन गळतंय, उगाच दोन दिवस झोप उडाली.

खड्ड्यात तेल दिसत असेल तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे हेडवरच्या झाकणाचं, पॅकिंग आणि त्यासोबत प्लगच्या नळीचे गोल सील बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. हेच ते काम जे तिन्ही वेळा राहून गेलं. पॅकिंग आणि सील मी नाना पेठेतून आणले, पुण्याला जाणं झालंच होतं. कव्हरवरचे होज, कॉइल काढून बोल्ट सोडवले की कव्हर सुटतं, हेडचा पृष्ठभाग स्वच्छ पुसायचा, जुन्या पॅकिंगचा तुकडा आत पडू द्यायचा नाही. माझं जुनं सील वाळून कडक झालेलं, नखाने तुटत होतं. ज्या कोपऱ्यावर टायमिंग कव्हर आणि हेडचा जोड येतो तिथे सिलिकॉनचा छोटासा थेंब लावायचा, आणि बोल्ट मधल्याकडून बाहेरच्या बाजूला, थोडे थोडे करत दोन फेऱ्यांत आवळायचे. जोर करायचा नाही, जास्त आवळलं की पॅकिंग चेपून परत गळतं. काही इंजिनांत हे सील कव्हरमध्येच घट्ट बसवलेले असतात आणि वेगळे मिळत नाहीत, तेव्हा पार्ट नंबर बघून मगच उघडा. मला पूर्ण अर्धा दिवस लागला, घाई केली नाही.

नवे प्लग चारही एकदम टाका, एकटा बदलू नका. गाडीच्या पुस्तकात जो नंबर आहे तोच, दुकानदार म्हणतो म्हणून हीट रेंज, म्हणजे प्लग किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा, बदलू नका. निकेलचा साधा प्लग गाडीनुसार २० ते ४० हजार किलोमीटर, इरिडियम ८० हजार ते लाखभर चालतो. नेहमीच्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या, डुप्लिकेट प्लग बाजारात खूप आहेत आणि खोक्यावरून ओळखू येत नाहीत. गॅप फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा, खोक्यातून बरोबर येते असं धरून चालू नका. इरिडियमचं मधलं टोक मात्र जेमतेम ०.४ ते ०.६ मिमी जाड असतं, तिथे गेज घालून उचकटायचा प्रयत्न केला तर ते तुटतं, त्यामुळे गॅप चुकीची वाटली तर दुकानात परत द्या. हातातून पडलेला प्लग वापरू नका, आत दिसत नाही असा तडा असू शकतो.

बसवताना माझी आवडती युक्ती: पेट्रोल पाइपचा वीतभर रबरी तुकडा घ्या, प्लगच्या वरच्या टोकात बसवा आणि त्याने प्लग आत सोडून हाताने फिरवा. आटे तिरके चढायला लागले तर रबर घसरतं, नुकसान होत नाही. हाताने पूर्ण बसला की मगच पाना. १४ मिमी आट्यांच्या प्लगला ऍल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा फेरा, बस. तोच जुना प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, तेव्हा घड्याळातल्या एका तासाएवढंच, म्हणजे एक बारांश फेरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ लावू नका, नव्या प्लगला कोटिंग असतंच, आणि निसरडं झालं की पाना तोच आकडा दाखवतो पण प्लग जास्त आवळला जातो.

बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे करंट न नेणारं, ग्रीस अगदी पातळ लावा, त्याने ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट फाटत नाही. कॉइल दाबली की टक्कन बसलेली हाताला कळते. तिचा बोल्ट हलकाच आवळा, प्लास्टिकचा कान तडकतो. कपलरचा टक आवाज ऐका, ओढून बघा, कोड पुसा.

कॉइल किती बदलायच्या यावर लोक भांडतात. माझं म्हणणं, चारही एकदम टाकायची गरज नाही. तेलात भिजलेली किंवा अदलाबदलीत पकडलेली तेवढीच बदला, आणि बऱ्याच कॉइलचा नुसता रबरी बूट आणि स्प्रिंग वेगळे मिळतात, कॉइल आतून चांगली असेल तर तेवढ्यावर काम होतं. मी दोन नंबरची नवी टाकली आणि काढलेल्यांतली एक, जी फक्त बुटामुळे बाद झाली होती, तिला नवा बूट लावून डिकीत ठेवली आहे, १० नंबरच्या पान्यासकट. घाटात फोनला रेंज नसते, तिथे ही एक वस्तू कामी येते.

सीएनजीवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉइल किंवा प्लग कमजोर व्हायला लागला की गाडी आधी सीएनजीवर मिसिंग करते आणि पेट्रोलवर टाकली की गपचूप नीट चालते. लोक म्हणतात किट खराब झालं, ट्यूनिंग करा, रेग्युलेटर बदला. आधी प्लग काढून बघा हो. कंपनीने सीएनजी मॉडेलला वेगळी गॅप किंवा वेगळा प्लग दिला असेल तर तोच वापरा, आणि निकेलचे प्लग असतील तर मी आता १५ हजार किलोमीटरला गॅप मोजतो आणि २० हजार किलोमीटरला बदलतो, वाट बघत नाही.

हे सगळं करून ११ हजार किलोमीटर झाले. या जुलैत आईला घेऊन कुंभार्ली चढलो, सीएनजीवर, तिसऱ्या गिअरमध्ये, तसाच पाऊस होता. आई मागे झोपली होती. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नंबरची कॉइल काढून टॉर्च मारला, खड्डा कोरडा ठणठणीत.